सोन नसलेला दिवस

अनेक भाषा येणारी माणसं पुष्कळ असतात. आखातातल्या दोह्यात तर टॅक्सीवालासुद्धा चार भाषांत भांडतो. पण एका परक्या भाषेतला फक्त एक शब्द, तोही एवढासा, आणि तो मात्र मुळापासून शेंड्यापर्यंत येणारा माणूस जगात एकच झाला असेल आणि तो तिथल्या मदिनत खलीफा या वस्तीत माझ्या भिंतीपलीकडे राहत होता. शब्द होता ‘सोन’. भाषा कोरियन. माणूस चिपळूणचा. दोह्यातली सगळी मराठी मंडळी त्यांना सोनकाका म्हणायची. त्यांचं खरं नाव रेसिडेन्स कार्डावर होतं, आणि बहुधा तिथंच होतं.

मी इचलकरंजीची. पगाराची सॉफ्टवेअरं बसवणाऱ्या एका कंपनीत दोन वर्षांच्या करारावर दोह्याला आले आणि काका राहत त्याच व्हिलाच्या एका तुकड्यात राहू लागले. तुकडाच म्हणायचा, कारण मालकाने एका मोठ्या व्हिलाचे प्लायवूडच्या भिंती घालून भाग पाडले होते. काका-काकूंच्या वाट्याला दोन खोल्या आणि स्वयंपाकघर आलं होतं, माझ्या वाट्याला एक खोली आणि त्यांचं सगळं बोलणं. माझ्या घरची गोष्ट अशी, की वडील यंत्रमाग कामगारांच्या संघटनेत, त्यामुळे बाराखडीच्या आधी आम्हाला पत्रकं वाचता यायची. मुहूर्त, शकुन आणि दारावरची लिंबू-मिरची यांच्याविरुद्ध मी शाळेत असतानाच स्वतः पत्रकं लिहिली होती. त्यातलं एक आईविरुद्ध होतं. पहिल्या संध्याकाळी काकूंनी चहाला बोलावलं तेव्हा मी हे सगळं अभिमानाने सांगितलं, आणि काकांनी तिथल्या तिथे माझं बारसं केलं. “बसा पत्रकबाई,” ते म्हणाले. काकूंनी विचारलं, “साखर बरोबर आहे ना गो?” आमच्याकडे हे विचारायची पद्धत नाही. आई कप पुढ्यात आदळते, कमी वाटली तर उठायचं आणि घ्यायची.

मग काकांनी उजव्या हाताचा पंजा माझ्या तोंडासमोर धरला. “हे काय?”

“हात.”

“आणि तू कोण?”

“शेजारी.”

“आत्ता कोण? चहा पिताना कोण?”

“पाहुणी,” मी म्हणाले.

“बरोबर! कोरियन माणसाला विचार. हात म्हणजे सोन. आणि पाहुणा म्हणजेही सोन.”

मी कप खाली ठेवला. माझ्या डोक्यात ठळक टायपातला मथळा तयार झाला होता. “काका, म्हणजे हा तर इथल्या कामगाराचाच शब्द! ज्यांचे हात राबवायचे त्यांनाच पाहुणे म्हणायचं, म्हणजे काम संपलं की परत पाठवायला मोकळे! इंडस्ट्रियल एरियात कंपनीच्या बसमधून रोज जी माणसं–”

“थांब,” काका म्हणाले. त्यांचा आवाज एकदम मास्तरांसारखा झाला. “दोन शब्द वेगळे. उच्चार एक, पण मूळ वेगळं. नुसते शेजारी राहतात म्हणून त्यांना भाऊ करायचं नाही. तू आणि मी एका भिंतीला आहोत. उद्या कुणी म्हणेल, ही माझी पुतणी.”

“म्हणू देत की,” स्वयंपाकघरातून काकू म्हणाल्या.

बसमधल्या माणसांबद्दल मला जे म्हणायचं होतं ते मी नंतर इतरत्र लिहिलं, आणि अजूनही त्यातला एकही शब्द मागे घेत नाही. पण ‘सोन’ या शब्दाचा आधार मी त्यात घेतला नाही. काकांनी तेवढी दहशत बसवली होती.

हे वेड त्यांना लागलं साइटवर. काका एका कोरियन कंपनीत प्लॅनिंग इंजिनिअर होते. म्हणजे कोणतं काम कधी सुरू होऊन कधी संपेल हे आधी ठरवायचं आणि नंतर ते तसं का झालं नाही याची कारणं लिहायची. एकदा साइट ऑफिसच्या पत्र्याच्या केबिनी एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला हलवायच्या होत्या. क्रेन आली, ट्रेलर आला, माणसं आली, आणि कोरियन फोरमन हाताची घडी घालून मध्ये उभा राहिला. आज नाही, म्हणाला. का नाही? “सोन.” काकांना वाटलं, सोन नावाचे कुणी साहेब असतील, त्यांची सही राहिली असेल. त्या उन्हात ते सोनसाहेबांना शोधत साइटभर हिंडले. स्टोअरमध्ये विचारलं, कँटीनमध्ये विचारलं, गेटवरच्या नेपाळी सिक्युरिटीला विचारलं. तो म्हणाला, “सर, अभी तक अंदर नहीं आया.” अखेर जेवणाच्या सुट्टीत फोरमननेच वाळूत काठीने चार दिशा काढून दाखवल्या. सोन हा एक अदृश्य पाहुणा. तो चांद्र महिन्याच्या तारखांप्रमाणे फिरत असतो, दोन दिवस पूर्वेला, दोन दिवस दक्षिणेला, मग पश्चिमेला, मग उत्तरेला. तो ज्या दिशेला असेल तिकडे घर हलवलं की त्रास देतो. मात्र नवव्या आणि दहाव्या तारखेला तो आकाशात जातो. पुन्हा एकोणीस-विसाला जातो, आणि महिन्याच्या अगदी शेवटी जातो. ते दिवस सोन नसलेले. त्या दिवशी बिनघोर सामान हलवावं. संध्याकाळी काकांनी उशिराच्या कारणांच्या रकान्यात लिहिलं, ‘साइटवर पाहुणे आल्यामुळे.’ वरच्या ऑफिसने ते मुकाट्याने मान्य केलं. त्या दिवसापासून तो फोरमन त्यांचा जिवलग झाला. काका त्याला ‘आजोशी’ म्हणत. आजोशी म्हणजे त्यांच्याकडचे काका.

मग हा शब्द आमच्या वस्तीत शिरला तो बाहेर पडलाच नाही. काका मासळीबाजारात जात तेव्हा बांगडे किलोवर घेत नसत. कोरियात बांगड्याच्या जातीच्या माशाची जोडी विकतात, एक मोठा आणि त्याच्या पोटाशी लावलेला एक लहान, आणि त्या जोडीला म्हणतात एक सोन, कारण ती एका हातात मावते. “हा मात्र हातवाला सोन, पाहुणेवाला नव्हे,” हे ते बजावून सांगत. मलबारी मासेवाल्याला हे सगळं कळलं होतं असं नाही, पण काका दिसले की तो आपोआप एक मोठा आणि एक लहान अशा जोड्या लावायला घ्यायचा आणि ओरडायचा, “सोनसाब, यल्ला!” यल्ला म्हणजे अरबीत ‘चला’. घरी आल्यावर काकू पिशवी उघडून म्हणायच्या, “पुन्हा अर्धे बांगडे बाळंच आणलेत? यांना चिरायचं कसं?” काकूंचा हात वाढायला मोठा होता. पानात एक म्हटलं की दोन पडायचे. काका लगेच बोट वर करायचे. कोरियन लोक अशा बाईला ‘मोठ्या सोनची’ म्हणतात, आपण सढळ हाताची म्हणतो, बघा, माणूस सगळीकडे हातावरूनच ओळखतात. “ओळखा आणि जेवा,” काकू म्हणायच्या.

प्रसंग पाहून बोलावं हा नियम सोनला लागू नव्हता. एका बारशाला बाळाच्या आत्याने नाव सांगितलं, टाळ्या झाल्या, आणि पेढे वाटत असताना काका बाळाच्या आजोबांना सांगत होते, की पूर्वी कोरियात देवीच्या रोगालाही ‘सोननीम’ म्हणत. म्हणजे पाहुणेबुवा. नाव घेतलं तर रागावेल म्हणून आदराने बोलायचं, आल्यावर नीट सांभाळायचं, आणि गोड बोलून निरोप द्यायचा. “आपणही देवी आल्या असंच म्हणत होतो ना? हजारो मैलांवरची दोन खेडी, एकमेकांना ओळखत नाहीत, आणि दोघांनी एकाच भीतीला एकाच पद्धतीने अहो-जाहो केलं!” आजोबांनी बाळाला घाईघाईने आत नेलं. गाडीतून उतरताना काकू म्हणाल्या, “पुढच्या वेळी कॉलरा घ्या.”

पण या माणसाची एक गोष्ट मला पहिल्यापासून पटली. खोटं मूळ त्यांना खपत नसे. मी आले त्या वर्षी मराठी मंडळाच्या गणपतीत एका गृहस्थांनी भाषण ठोकलं, की कोरियन भाषा आपल्याच भाषेतून निघाली आहे, हे बघा, ते बापाला अप्पा म्हणतात, आपणही अप्पा म्हणतो, आणि आमच्या काकांचा सोन म्हणजे तरी काय, आपलं सोनंच. टाळ्या पडायच्या आत काका उभे राहिले. “पुरावा?” गृहस्थ हसले. काका हसले नाहीत. “अहो, जगातली सगळी बाळं ओठ मिटून उघडतात. त्याला आई-बाप आपापली नावं समजतात. त्यात आपली कसली फुशारकी? आणि माझ्या शब्दाला सोनाराकडे नेऊ नका.” आरतीच्या वेळी त्यांना कुणी टाळ दिला नाही. मी मात्र त्या दिवशी मनातल्या मनात त्यांच्या नावाने एक पत्रक काढलं.

आणि तरीही हाच माणूस लोकांना घर बदलायचे दिवस सांगत असे! दोह्यात मराठी कुटुंबं सारखी घरं बदलतात. भाडं वाढतं, शाळा लांब पडते, कंपनी बदलते. कुणी खोकी आणायला लागलं की काकांना फोन जायचा, “काका, सोन कुठे आहे?” काका बोटांवर मोजून सांगायचे. मग काकूंचा सल्ला वेगळा घ्यावा लागे, कारण काकू भिंतीवरच्या मराठी कॅलेंडरवर चालायच्या. खरी पंचाईत महिन्याच्या शेवटी होई. काकांचे सोन नसलेले ते सर्वांत उत्तम दिवस म्हणजे काकूंची चतुर्दशी आणि अमावास्या. काकू अमावास्येला नवा साबणसुद्धा फोडत नसत. एकाच घरात एकाच दिवसाला एक माणूस निर्धास्त आणि एक माणूस हवालदिल, असं दर महिन्याला व्हायचं, आणि मधल्या प्लायवूडला कान लावून मी दोघांवर चिडायची.

एकदा मी काकांना तोंडावर विचारलं. “गणपतीत पुरावा मागता आणि इथे भूत मोजता? लोकांना तारखा देणं ही अंधश्रद्धाच आहे काका. भले कोरियन असो.”

“मी भूत कुठे मानतो?”

“मग?”

“घर बदलताना माणूस घाबरलेला असतो, पत्रकबाई. त्याला कुणीतरी म्हणावं लागतं, की आज चालेल. मी फुकट म्हणतो.” मग ते म्हणाले, “आणि शब्द वापरला नाही तर मरतो.” हे मला तेव्हाही पटलं नाही आणि आताही पटत नाही. धीर द्यायचा तर तो खरं बोलूनही देता येतो. पण त्या दिवशी मी वाद तिथेच सोडला, कारण काकूंनी सोलकढी आणली होती.

मग काकांचीच घर बदलायची वेळ आली. त्यांचं प्रोजेक्ट संपलं. नवं काम द्यायचं त्यांचं वय उरलं नव्हतं. कंपनीने सांगितलं, शेवटचे कागद पुरे करा, जायची तारीख तुम्ही कळवा, आम्ही तिकिटं काढतो. तारीख त्यांच्यावर सोडली, हीच चूक झाली. चिपळूणला त्यांनीच बांधलेलं घर होतं. खाली धाकटा भाऊ आणि वहिनी, वरचा मजला या दोघांसाठी राखलेला. काकूंनी त्या मजल्याचे पडदे मनात कधीच लावून टाकले होते. त्यांचं एकच म्हणणं होतं. इतकी वर्षं रजा कधी गणपतीला जुळली नाही, जुळली तेव्हा पाहुण्यासारखं ओटीवर बसून आरती केली. या वर्षी गणपती माझ्या हातचा व्हायला हवा. मोदक मी करणार, गौरी मी आणणार. ऊन तापायला लागलं होतं तेव्हा हे ठरलं. ऊन भाजायला लागलं तरी तारीख ठरली नव्हती.

कारण काका दर वेळी बोटं मोजायचे आणि मान हलवायचे. “या दिवशी सोन पूर्वेला आहे. चिपळूण पूर्वेला. कसं जाणार?” पुढच्या आठवड्यात तो दक्षिणेला असायचा, आणि काकांचं म्हणणं, चिपळूण थोडं दक्षिणेलाही आहे. काकूंनी विचारलं, नवव्या-दहाव्याला तो आकाशात असतो ना? तर काका म्हणाले, ते गावातल्या गावात. समुद्र ओलांडायचा असेल तर नियम वेगळा. विमान आकाशातूनच जातं, आणि तो तिथेच बसलेला. काकूंना हा युक्तिवाद मोडता आला नाही. मला मोडता येत होता, पण काका माझ्याकडे बघायचेच नाहीत. तेवढ्यात मालकाचं कळवणं आलं, की पावसाळा संपेपर्यंत, म्हणजे तुमच्याकडचा, व्हिला रिकामा हवा. मी माझी खोली शोधायला लागले. पलीकडे एक खोकं भरलं जात नव्हतं. एके सकाळी काकू माझ्या दारात उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “सोनबिन काही नाही गो. या माणसाला जायचंच नाही. का नाही ते मला सांगत नाही.” आणि डोळे न पुसता परत गेल्या. गणपती जवळ आले होते.

शेवटी काकूंनी निरोपाचं जेवण करून टाकलं. निरोपाची तारीख नव्हती, पण जेवण झालं की माणूस लाजेकाजेस्तव जाईल, असा त्यांचा हिशोब. शुक्रवार होता. आजोशींना बोलावलं होतं. ते आता दुसऱ्या साइटवर होते, पांढऱ्या केसांचे, ताठ, जमिनीवर मांडी घालून आमच्यापेक्षा सहज बसणारे. बांगड्याचं तिखलं त्यांनी घाम पुसत पुसत दोनदा घेतलं. मग त्यांनी काकूंना विचारलं, “मॅडम, व्हेन गो इंडिया?”

काकू आजोशींच्याच साइटवरच्या इंग्रजीत म्हणाल्या, “नो गो. सोन प्रॉब्लेम. एव्हरी डे सोन.”

आजोशींच्या कपाळाला आठी पडली. “एव्हरी डे? नो, नो. नाइन डे, टेन डे, नो सोन. गुड डे.”

“बट सी,” काकू म्हणाल्या, हाताने लाटा करून दाखवत. “सी क्रॉस, नॉट गुड. विमान, आकाश, सोन सिटिंग.”

आजोशींनी काकांकडे पाहिलं. काका बांगड्यातला काटा काढत होते. तो काटा आधीच निघालेला होता. आजोशी हसायला लागले ते डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. “माय फ्रेंड! हू टेल यू? सोन गो स्काय, सोन स्लीप! सी, नो प्रॉब्लेम. नाऊ कोरिया, यंग पीपल डोन्ट केअर. ओन्ली ट्रक कंपनी केअर. दॅट डे, ट्रक व्हेरी एक्स्पेन्सिव्ह!”

माझ्या हातातला घास हातातच राहिला. इतरांच्या शब्दाला पुरावा मागणाऱ्या माणसाने स्वतःच्या शब्दाला खोटी शेपटी जोडली होती. तीही अशी, की ती धरून काकूंना उन्हाळाभर बसवून ठेवलं. मी बोलायला तोंड उघडलं, पण काकूंनी नुसतं माझ्याकडे पाहिलं आणि मी मिटलं. आजोशींना काय झालं ते कळलं असावं. त्यांनी हसू आवरलं, सोलकढी संपवली, काकूंना कमरेत वाकून नमस्कार केला, काकांचा हात दोन्ही हातांत धरला आणि लवकरच उठले.

ते गेल्यावर काकूंनी पानं उचलली नाहीत. समोर बसल्या. “आता सांगा,” म्हणाल्या.

काकांनी आपल्या खरकट्या पंज्याकडे पाहिलं. “तुला आठवतं,” ते म्हणाले, “आपण रजेवर गेलो की वहिनी काचेच्या कपाटातला सेट काढते. निळ्या फुलांचे कप. बश्यांसकट.”

“मग? चांगलं करते.”

“चांगलंच करते. मला उशी बदलून देते. टीव्हीचा रिमोट हातात आणून देते. मी नारळ सोलायला घेतला तर भाऊ हातातून काढून घेतो, दादा तुम्ही बसा. घर मी बांधलं, पण पाण्याचा पंप कुठून सुरू होतो ते मला माहीत नाही. मी विचारलं तर सगळे हसतात. दर वर्षी मी तिथे महिनाभर पाहुणा असतो, आणि पाहुण्याचं सगळे करतात. कारण तो जाणार असतो.” त्यांनी काकूंकडे पाहिलं. “महिना झाला, आणि पाहुणा गेलाच नाही, तर?”

काकू उठल्या. हात धुऊन भिंतीवरचं कॅलेंडर खुंटीवरून काढून आणलं आणि काकांच्या पुढ्यात, बांगड्याच्या काट्यांशेजारी ठेवलं.

“महिन्याचे शेवटचे दिवस तुमच्या सोनला चालतात ना?”

“चालतात. पण या वेळी शेवटचा दिवस म्हणजे श्रावणातली–”

“वाचता येतं मला. अमावास्या. त्यानंतर चौथ्या दिवशी गणपती. तिकिटं काढा.”

“अगं, अमावास्येला तू निघणार?”

“तुम्ही येणार असाल तर निघणार,” काकू म्हणाल्या. “तुमची सबब तुमच्या शब्दाने संपली, माझी मी संपवते. आणि पाहुणे म्हणून ठेवतील तर मी आहे ना पाहुणी सोबत. बसू दोघं ओटीवर.”

इतक्या वर्षांत काकूंनी अमावास्येला उंबऱ्याबाहेर सामान ठेवलं नव्हतं. सामान नेण्याच्या दिवशी पिकअप आली तेव्हा मी ऑफिसला दांडी मारून खोकी उचलली. एका बाजूला कोरियन भूत, दुसऱ्या बाजूला मराठी अमावास्या आणि मधून दोघांवर विश्वास नसलेली मी, लोणच्याच्या बरण्या घेऊन. काकू प्रत्येक खोक्याला दारात क्षणभर थांबवत होत्या, मनातल्या मनात काहीतरी म्हणत होत्या, मग सोडत होत्या. पिकअपचा ड्रायव्हर पेशावरचा. त्याने विचारलं, “अम्मा, दुआ पढ रही हैं?” काकू म्हणाल्या, “हां बेटा, डर की.” काका रिकाम्या खोलीत उभे होते. प्लायवूडच्या भिंतीवर त्यांनी बोटाने दोनदा टकटक केलं, माझ्या बाजूला, जणू मी तिथे होते. मी त्यांच्या मागेच उभी होते. “काय पत्रकबाई,” ते म्हणाले, “आज कुणी नाही. आज सगळं मोकळं आहे.” मग विमानतळाच्या गाडीत बसताना काचेतून पंजा दाखवला. मी हात हलवला. हा कोणता सोन, ते विचारायचं राहून गेलं.

त्यानंतर दर आठवड्याला फोनवर एक ओळ यायची. गणपतीत आली, ‘मोदक हिच्या हातचे. चहा फुलांच्या कपात.’ गौरी गेल्यावर आली, ‘अजून फुलांचा कप.’ पितृपक्षातही तेच, नवरात्रातही तेच. मधे एकदा, ‘पंप सापडला. पण भावाने बंद केला, दादा राहू दे.’ मी उत्तरात लिहायची, हक्क मागून मिळत नाही, घ्यावा लागतो, उठा आणि नारळ सोला. त्यावर ते अरबीत आभार मानायचे, ‘शुक्रन.’ तोवर मी दुसऱ्या वस्तीत खोली घेतली होती. ती बदलताना मी तारीख पाहिली नाही. निदान वडिलांना तसं सांगितलं आहे. नव्या खोलीच्या भिंती विटांच्या आहेत, पलीकडचं काही ऐकू येत नाही.

दिवाळीची साफसफाई झाली त्या आठवड्यात काकांनी ओळ न लिहिता फोटो पाठवला. पांढरा कप, कान तुटलेला, कडेला चहाचा पक्का डाग. खाली मजकूर होता. ‘वहिनी आतून ओरडली, दादा, कप तेवढा विसळून ठेवा हो, माझे हात पिठाचे आहेत. विसळला. सोन गेला. खलास.’ मी तो फोटो ऑफिसच्या जेवणाच्या खोलीत पुन्हा पुन्हा पाहिला. शेजारच्या केरळी मुलीने विचारलं, कुणाला बाळ झालं का?

मग माझीही रजा आली. पहाटे इचलकरंजीला घरी पोचले. वडील नवा सदरा घालून बसले होते. माझी कॉट होती तिथे शिवणयंत्र आलं होतं आणि माझ्यासाठी त्यांच्या खोलीत नवी चादर घातली होती. मी चहा करायला उठले, तर वडील म्हणाले, “बस गं, तू दमून आलीस.” आईने ट्रेमधून चहा आणला. सोनेरी कडेचे कप आमच्या घरात आहेत हेच मी विसरले होते. मी एक घोट घेतला. आई पदराला हात पुसत समोर उभी राहिली आणि तिने विचारलं, “साखर बरोबर आहे ना?”